पावसाळ्यात पंखे बंद, तरी युनिट का चढतात? जुन्या घराच्या लाईट बिलाची तपासणी

तक्रार नेहमीची आहे. एप्रिल-मेमध्ये पंखे दिवसभर फिरतात तेव्हा बिल आवाक्यात असतं. आषाढात पंखे बंद असतात, फ्रिजलाही फारसं काम नसतं, तरी युनिट वीस-तीसने, कधी साठ-सत्तरने चढलेले. दिवाळीनंतर ते आपसूक उतरतात म्हणून कुणी मागे लागत नाही, आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची कौलारू घरं आणि बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली जुनी घरं, यांच्यात हे जास्त दिसतं. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, त्यामुळे तिकडे हा त्रास सौम्य आणि उन्हाळ्याचं बिल डोईजड. त्याचं पुढे येईलच.

वीस युनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. कारण गृहज्योती. कर्नाटकात २०२३ पासून ही योजना आहे. २०२२-२३ सालच्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मोफत युनिटांची हद्द ठरते. ही वाढ आधी सगळ्यांना १० टक्के होती, २०२४ च्या सुरुवातीला कमी वापराच्या घरांसाठी ती १० युनिट झाली. हद्द ओलांडली पण २०० च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल अंगावर. म्हणजे ९५ ची हद्द असलेल्या घराला वीस युनिटांची गळती नुसती बोचते, पण १९० वर चालणाऱ्या घराला तीच गळती पूर्ण बिलाला लावते.

बहुतेक जण पहिल्यांदा बल्ब बदलतात. बदलायला हरकत नाही, पण पावसाळी वाढ बल्बांची नसते. तिच्या मागे साधारण तीन गोष्टी निघतात: ओल्या भिंतीतून जमिनीत उतरणारा करंट, सोलर वॉटर हीटरच्या टाकीतली कॉईल आणि दिवसभर चालू राहिलेला गिझर. कुठली ते अंदाजाने सांगता येत नाही, मोजावंच लागतं. मोजायला घड्याळ आणि मीटर पुरे.

आधी बारा महिन्यांचे आकडे

गेल्या वर्षभराची बिलं काढा. कन्नड वाचता येत नसेल तरी अडत नाही. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग आणि रीडिंगच्या तारखा एवढं बघा. दोन तारखांमधल्या दिवसांनी युनिटांना भागा आणि रोजचे युनिट लिहून काढा. महिन्याचा आकडा फसवतो, कारण एखादं रीडिंग २८ दिवसांचं असतं, एखादं ३३ दिवसांचं.

आता आकडा कधी चढतो ते पाहा. जून-जुलैमध्ये चढून ऑक्टोबरपर्यंत टिकत असेल तर गळती, सोलरची कॉईल किंवा दिवसभर चालू राहिलेला गिझर. डिसेंबर-जानेवारीत चढत असेल तर गिझर. मार्च ते मे चढत असेल तर पंखे, फ्रिज आणि पाण्याची मोटार. वर्षभर सारखाच जास्त असेल तर चोवीस तास चालणारं काहीतरी आहे: फ्रिज, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, नाहीतर दुसऱ्या मीटरशी सरमिसळ झालेला न्यूट्रल (करंट परत नेणारी तार). पुढे कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरवा.

मीटरवरचा लुकलुकणारा दिवा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. आकडा ३२०० असेल, तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. त्या क्षणी किती वॅट जातायत ते कळतं. १६०० असेल तर २२५० ला भागा. उदाहरणार्थ ३२०० च्या मीटरवर दर १० सेकंदांनी दिवा लागतोय, म्हणजे ११२ वॅट.

भरपूर पाऊस होऊन गेल्यावर, रात्री, असं करा. घरातला प्रत्येक प्लग काढा. फ्रिज, टीव्ही, राऊटर, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर, काही ठेवू नका. गिझर आणि मोटारीचे स्विच बंद करा. सगळे दिवे-पंखे बंद करा, पण मेन स्विच चालूच ठेवा. मग मीटरसमोर किमान पाच मिनिटं थांबा. दिवा एकदाही लुकलुकला नाही तर तारांतून मोजण्याइतकी गळती नाही, सरळ गरम पाण्याच्या भागाकडे जा. दर ५० सेकंदांनी लुकलुकला, तर २२ वॅट कुठेतरी मुरतायत. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला १६ युनिट, आणि घरात एकही दिवा लागलेला नाही.

मग मेन स्विच बंद करा. लुकलुक थांबली तर गळती घरात आहे. मेन बंद करूनही चालू राहिली तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधल्या तारेत काहीतरी आहे, किंवा त्या तारेवरून कुणीतरी जोड घेतलाय. मीटरच्या सीलला हात लावू नका. ते काम हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) माणसाचं. सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या.

‘अर्थ’चा दिवा आणि भावांची वाटणी

बऱ्याच मीटरांवर आणखी एक दिवा असतो, शेजारी ‘ई.एल.’ किंवा ‘अर्थ’ लिहिलेलं. फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येत नसला की हा दिवा लागतो. असा फरक आढळला की मीटर दोन्हींपैकी मोठा करंट धरून युनिट मोजतं. चोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे, पण भिंतीत मुरणाऱ्या करंटचेही युनिट त्यामुळे इमानदारीने लागतात.

हा दिवा पावसाळ्यात लागतो आणि मार्चमध्ये विझतो, असं असेल तर ओलीची गळती. बारा महिने लागलेला असेल, तर आधी न्यूट्रल तपासा. जुन्या घराची भावाभावांत वाटणी झाली आणि दुसरं मीटर बसलं, की वायरमन फेज वेगळे करतो. न्यूट्रल मात्र जिथे जवळ मिळेल तिथून उचललेला असतो. जिन्यातल्या दिव्याचा फेज थोरल्याच्या मीटरवरून आणि न्यूट्रल धाकट्याच्या. थोरल्याच्या मीटरला फेजमध्ये करंट दिसतो, धाकट्याच्या मीटरला न्यूट्रलमध्ये. दोन्ही मीटरं मोठा आकडा धरतात आणि एकाच दिव्याचे युनिट दोन्ही बिलांत लागतात. शहापूर-वडगाव भागात खाली मागाचं मीटर आणि वर घरगुती मीटर असतं, तिथे तर मागाच्या मोटारीचा करंट घरच्या न्यूट्रलमधून परतलेला सापडतो.

तपासणी सोपी आहे. एका मीटरचा मेन बंद करा. त्या हिश्श्यातलं सगळं बंद पडलं पाहिजे आणि दुसऱ्या हिश्श्यातलं काहीच बंद पडता कामा नये. पलीकडचा एखादा दिवा विझला तर सरमिसळ सापडली. उपाय एकच: प्रत्येक मीटरचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घ्यायचा आणि प्रत्येक सर्किटचा फेज-न्यूट्रल एकाच पट्टीवरून सोडायचा. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. मिसळलेला न्यूट्रल सोडवताना मेन बंद असूनही झटका बसतो, कारण करंट पलीकडच्या मीटरवरून येत असतो. दोन्ही मेन एकदम बंद करूनच बोर्ड उघडायचा.

गळती नेमकी कुठे

जांभ्या दगडाची नाहीतर मातीची भिंत, वरून कधीतरी सिमेंटचा गिलावा, आणि गिलाव्यातून नेलेली ३०-४० वर्षांपूर्वीची तार. पावसाळ्यात जमिनीची ओल भिंतीत चढते, सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, आणि तारेचं कव्हर जिथे तडकलंय तिथून करंट भिंतीत उतरतो. रबरी कव्हरच्या तारा असतील, तर कव्हर हाताने चुरगळलं तरी झडतं. अशा तारेवर पट्टी गुंडाळून काही होत नाही, ती बदलावीच लागते.

त्यात जुन्या जोडणीत एक हमखास चूक सापडते. स्विच फेजवर असायला हवा, तो न्यूट्रलवर असतो. बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहतो आणि ओल्या सिलिंग रोझमधून झिरपत राहतो. ओळखायची खूण अशी: स्विच बंद केल्यावरही एलईडी बल्ब अंधारात मंद उजळतो. टेस्टरने खात्री करा. स्विच बंद असताना होल्डरच्या पिनला टेस्टर लागला तर तो स्विच उलटा आहे. किटकॅट फ्यूजच्या जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज घातलेला दिसतो. तो उडाला की घर अंधारात जातं आणि तारा मात्र जिवंत राहतात. न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे सरळ लिंक बसवून घ्या.

जागा शोधायला मेन चालू ठेवून एकेक फ्यूज किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद करत जा आणि दर वेळी मीटरचा दिवा बघा. ज्या सर्किटला लुकलुक थांबेल किंवा निम्म्यावर येईल, ते दोषी. त्या सर्किटवर या जागा याच क्रमाने बघा:

- न्हाणीच्या भिंतीवरचा बोर्ड आणि गिझरचा पॉईंट
- कौलांखालून वाशांच्या कडेने गेलेली तार (फुटक्या कौलातून नेमकं तिच्यावर पाणी पडतं आणि उंदरांनाही तीच आवडते)
- अंगणातला किंवा फाटकावरचा दिवा
- मोटारीच्या खड्ड्यातली केबल आणि तिचा जोड
- परसातल्या संडासाला किंवा गोठ्याला नेलेली तार

शेवटच्या प्रकाराकडे फार दुर्लक्ष होतं. गोठ्याची तार बऱ्याचदा कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला गुंडाळून नेलेली असते. युनिट राहू द्या, ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा त्यात जीव जातो. ती आजच सोडवा.

वायरमनकडे क्लॅम्प मीटर असेल, तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये घ्यायला सांगा. वायरिंगची तब्येत चांगली असेल तर आकडा शून्याजवळ येतो. जो आकडा येईल तीच गळती. १०० मिलीअँपिअर म्हणजे २३ वॅट, महिन्याला साधारण १६-१७ युनिट.

मेगरची (तारेच्या कव्हरची ताकद मोजणाऱ्या यंत्राची) चाचणी करून घेणार असाल तर ती पावसाळ्यातच करा. एप्रिलमध्ये भिंती वाळलेल्या असतात, मेगर सगळं ठीक दाखवतो आणि पैसे पाण्यात जातात. चाचणीआधी सगळे बल्ब आणि उपकरणं काढायची, स्विच चालू ठेवायचे, ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. तारा आणि अर्थ यांच्यामध्ये किमान १ मेगाओहम यायला हवा. भर पावसात तेवढा आला तर उन्हाळ्याची काळजी नाही.

दुरुस्ती करताना

सगळ्या घराची तार एकदम बदलायला पैसे नसतात, आणि गरजही नसते. दोषी सर्किट बदला. नवी तार पुन्हा ओल्या भिंतीत गाडू नका. खोबणीत पाईप घालून गाडली तरी खालच्या तीन फुटांत ओल पाईपात शिरते. पीव्हीसीची केसिंग-पट्टी भिंतीवरून, शक्य तितकी उंचावरून न्या आणि बोर्डाकडे वरून खाली उतरवा. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, साध्या प्लगला २.५, गिझरला ४. प्रत्येक पॉईंटपर्यंत हिरवी अर्थची तार न्यायचीच. जुन्या घरात दोनच तारा असतात आणि तिसरी घालायला वायरमन कंटाळा करतो. तिथे अडून राहा.

मेन स्विचनंतर दोन पोलचा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. जांभ्याच्या आणि खडकाळ जमिनीत अर्थिंग चांगलं लागत नाही. फेज बॉडीला लागला तरी एमसीबी पडावा इतका करंट वाहतच नाही, आणि अशा घरात माणसाला वाचवतो तो आरसीसीबीच. तो दर पावसात पडायला लागला की लोक त्याला बगल देऊन तार सरळ जोडतात. तो पडतो म्हणजे गळती आहे हे तो दाखवून देतोय. फारच त्रास होत असेल तर अंगण, मोटार आणि न्हाणी यांना वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र) घ्या, म्हणजे फाटकाच्या दिव्यापायी सगळं घर अंधारात जाणार नाही.

ओल कमी केली नाही तर नवी तारही पाच-सात वर्षांत त्याच वाटेने जाते. पाऊस येण्याआधी कौलं चाळून फुटकी बदला. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या पायाशी पडत असेल तर पन्हळ लावून लांब सोडा. रस्ता उंच होत होत घराचं जोतं खाली गेलं असेल, तर भिंतीला लागून हातभर रुंद चर काढून उतार द्या. पश्चिमेच्या भिंतीला चार महिने ताडपत्रीचा नाहीतर गवताचा आडोसा हवाच. सिमेंटचा गिलावा फुगून पोकळ झाला असेल तर तिथे पुन्हा सिमेंट न चोपडता तेवढा भाग खरवडून चुन्याचा गिलावा करा. वॉटरप्रूफ रंग आतून मारणं हा सगळ्यात वाईट उपाय: ओल भिंतीतच कोंडते आणि आणखी वर चढते, थेट स्विचबोर्डापर्यंत.

गरम पाणी: इथेच खरी वीज जाते

आंघोळीची एक बादली, म्हणजे १८ लिटर पाणी, २२ अंशांवरून ४० अंशांवर आणायला सुमारे ०.३८ युनिट लागतो. चार माणसांना दीड युनिट, महिन्याला ४५. इतकं लागणारच. गिझर असो, हीटरचा रॉड असो, पाणी तितकंच तापवायचं तर युनिट तितकेच. ‘रॉड फार बिल खातो’ हा समज खोटा आहे. रॉडचा धोका वेगळा आहे. आरसीसीबी नसलेल्या घरात आणि लोखंडी बादलीत तो वापरू नये, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

वाया जातं ते पुढे. १५ लिटरचा गिझर तापवून नुसता चालू ठेवला, कुणी पाणी वापरलं नाही, तरी दिवसाला अर्धा-पाऊण युनिट हवेत जातो. महिन्याला १५ ते २२ युनिट. पावसाळ्यात पाहुणे-राऊळे, शेतातून भिजून आलेली माणसं, म्हणून गिझर सकाळी लावला की रात्रीपर्यंत चालू. आंघोळीआधी १५-२० मिनिटं लावा आणि बंद करा. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर आणा. तो बहुतेक गिझरांत खालच्या झाकणाआड असतो; मेन बंद करूनच झाकण काढायचं.

बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर पांढरा थर बसतो. थरामुळे वीज जास्त लागते असं सांगतात, ते फारसं खरं नाही, कारण थरातून का होईना उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान वेगळंच होतं. एलिमेंट आत तापून तडकतं आणि फेज पाण्यात उतरतो. गिझर लावल्यावर ‘अर्थ’चा दिवा लागत असेल किंवा नळाला चिमटी बसत असेल, तर एलिमेंट गेलंय. बदलताना गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा रॉडही बदला. राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी असलेल्या घरांत हा त्रास बराच कमी.

आता सोलर. पावसाळी बिलाचा हा दुसरा चोर. छतावरच्या टाकीत बॅकअपची कॉईल असते आणि तिचा स्विच कुणीतरी मागच्या पावसाळ्यात चालू केलेला तसाच राहिलेला असतो. ऊन असेपर्यंत थर्मोस्टॅट तिला लागूच देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ढग दाटले की ती सगळी टाकी तापवायला बसते. २०० लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर न्यायला जवळजवळ ९ युनिट लागतात, आणि घरात वापरलं जातं त्याच्या निम्मंही नाही. आठ-दहा दिवस असं झालं तरी महिन्याचं गणित कोलमडतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॉईल बंद ठेवा आणि न्हाणीतल्या छोट्या गिझरवर भागवा. गावाकडे लाकूडफाटा किंवा काजूची टरफलं मिळत असतील, तर तांब्याचा बंब चार महिने उत्तम काम देतो. फक्त धूर बाहेर जाईल असं बघा.

सोलरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाईपही बघा. पाऊण इंची पाईपात दर मीटरला ०.३ लिटर पाणी राहतं. २० मीटर लांबी असेल तर रोज पहिलं सहा लिटर गार पाणी मोरीत जातं आणि वाट बघायचा कंटाळा आला की माणूस गिझर लावतो. पाईपावर फोमची नळी चढवा आणि वरून ऊन लागणार नाही अशी पट्टी गुंडाळा, उघडा फोम दोन उन्हाळ्यांत चुरा होतो.

चोवीस तास चालणारी बारीकसारीक

आता सगळे प्लग काढलेल्या स्थितीतून एकेक उपकरण परत लावत जा आणि लुकलुकीचा फरक बघा.

देवघरातला किंवा जिन्यातला जुना ‘झिरो’ बल्ब १२-१५ वॅट घेतो. रात्रभर चालला तर महिन्याला पाच युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी लावा. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आठ-दहा वॅट घेत राहतो, तो भिंतीवरच्या स्विचनेच बंद करा.

इन्व्हर्टर बघाच. बॅटरी म्हातारी झाली की ती कधी भरतच नाही आणि चार्जर सतत चालू राहतो. बॅटरीत वारंवार पाणी घालावं लागतंय, तिचं अंग कोमट लागतंय आणि लाईट गेल्यावर अर्ध्या तासात ती बसतेय, या तिन्ही खुणा एकत्र असतील तर बॅटरी बदलण्यावाचून इलाज नाही.

फ्रिजसाठी रात्री एक तास द्या. कॉम्प्रेसर तासातला अर्ध्याहून जास्त वेळ चालत असेल तर काहीतरी बिघडलं असू शकतं. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर तिथून गारवा जातोय. रबर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच घट्ट बसतं. जुन्या घरात फ्रिज कोनाड्यात, मागे भिंतीला चिकटवून ठेवतात. मागे वीतभर जागा सोडा. १०० वॅटचा कॉम्प्रेसर अखंड चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात.

मोटारीबद्दल उगाच शंका घेतली जाते. अर्धा एचपीची मोटार दहा मीटर उंचीवरची १००० लिटरची टाकी अर्ध्या-पाऊण तासात भरत असेल, तर साधारण ०.३ ते ०.४ युनिट, बस्स. तीच टाकी भरायला दीड तास लागायला लागला तर फूट व्हॉल्व्ह गळतोय, पाईपात हवा धरतेय किंवा इम्पेलर झिजलाय. रोज दोनदा टाकी भरावी लागत असेल तर मोटारीआधी संडासाचा फ्लश बघा, तो आतल्या आत वाहत असतो.

उन्हाळ्याचं बिल: कौलं आणि स्लॅब

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या घरांना हा भाग जास्त लागू. जुना पंखा ७५-८० वॅट घेतो, पुन्हा वाइंडिंग केलेला असेल तर आणखी. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा त्याच वाऱ्याला ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. सगळे बदलू नका, सर्वांत जास्त चालणारे दोन बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून पैसे सुटायला जन्म जाईल.

मंगळुरी कौलांखाली पूर्वी माळा किंवा फळ्यांची तक्तपोशी असायची, ती काढून टाकलेल्या घरात दुपारी कौलांची धग थेट डोक्यावर येते. माळा परत घालणं महागाचं वाटलं, तर कौलांखाली अॅल्युमिनियमचं फॉईल ताणून लावता येतं. दोन गोष्टी सांभाळा. फॉईल आणि कौलं यांच्यामध्ये किमान एक इंच मोकळी जागा हवी, आणि चकचकीत बाजू खाली ठेवा, वर ठेवली तर धूळ बसून निकामी होते. फॉईल कौलाला चिकटलं तर काडीचा उपयोग नाही. आढ्याजवळ हवा बाहेर जायला फट सोडा, नाहीतर पावसाळ्यात आतून थेंब धरतात आणि ते पुन्हा वाशांवरच्या तारेवर पडतात.

स्लॅबवर चुना हा अजूनही स्वस्त उपाय. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, प्लास्टिकच्या पिपात नको, लोखंडी पिपात, कारण चुना विझताना उकळतो. चेहरा लांब ठेवा. दिवसभर मुरू द्या, फडक्याने गाळा, थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा आणि फेब्रुवारीअखेर दोन-तीन हात द्या. पहिल्या मोठ्या पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. स्लॅबला भेगा असतील तर आधी त्या बुजवा. भेगांवर चुना मारून वरून फक्त गोरं दिसतं.

घेऊ नयेत अशा गोष्टी

प्लगमध्ये खोचला की बिल निम्मं करणारा डबा बाजारात आणि मोबाईलवर विकला जातो. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती मीटर खरा वापर मोजतं, कपॅसिटरने त्यात फरक पडत नाही, उलट डब्यातला दिवा थोडी वीज खातो. एकाच टीव्ही-फ्रिजसाठी मोठा स्टॅबिलायझरही सतत काही वॅट घेत राहतो. व्होल्टेज खरंच खाली-वर होत असेल तरच तो ठेवा.

मीटरवरच संशय असेल तर

वरचं सगळं करून गळती नाही, न्यूट्रल स्वच्छ, गिझर-सोलर ताब्यात, तरी आकडा पटत नाही, तर मीटर तपासा. साधा १०० वॅटचा तारेचा बल्ब घ्या, एलईडी नको. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त तो लावा. ३२०० च्या मीटरवर दिवा दर सव्वाअकरा सेकंदांनी लुकलुकायला हवा, १६०० च्या मीटरवर साडेबावीस सेकंदांनी. दहा लुकलुकींचा वेळ एकत्र घेऊन दहाने भागा, म्हणजे घड्याळाची चूक कमी होते. व्होल्टेज कमी-जास्त असलं की बल्बही कमी-जास्त घेतो, म्हणून दहा टक्क्यांचा फरक सोडून द्या. त्याहून बराच मोठा फरक सलग दोन-तीन रात्री आला, तर त्या नोंदी जोडून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि तुमच्या मीटरसोबत काही दिवस चेक मीटर लावण्याची मागणी करा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, आणि चेक मीटर लावल्याच्या व काढल्याच्या दिवशी दोन्ही मीटरांच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.